हजेरी घेणे

मराठीत 'हजेरी घेणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शाळेतला: नाव पुकारायचे, पटावर खूण करायची. दुसरा चावडीवरचा: एखाद्याला चारचौघांत खडसावायचे. अरबीतल्या 'हाजिर'पासून निघालेल्या या शब्दाला मराठीत येऊन हा दुसरा अर्थ कधी चिकटला कोण जाणे, पण जालना जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांत रोज सकाळी हे दोन्ही अर्थ एकदमच खरे होतात. चार दिवसांनी परतलेले पोर दारात उभे असते. गुरुजी म्हणतात, "या नवाबसाहेब, सवड झाली का?" वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी ते पोर पुन्हा गायब होते. मग मधल्या सुट्टीत चहाबरोबर निदान होते, "यांना शिकायची आवडच नाही."

आमचे भांडण या वाक्याशी आहे. त्यातल्या 'यांना' या शब्दाशी तर विशेष.

'यांना' म्हणजे कोणाला? याच जालन्यातून शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. मुसलमान म्हणजे एकच गाठोडे नव्हे, हे त्या चळवळीने महाराष्ट्राला सांगितले. बागवानाचा पोरगा पहाटे बापाबरोबर मोंढ्यात जातो आणि शाळेत डुलक्या घेतो. भोकरदन-जाफराबादकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की आई किलोवर वेचणीला जाते आणि थोरली बहीण धाकट्याला सांभाळत घरी राहते. जालन्याच्या स्टील कारखान्यांत बाप रात्रपाळी करतो, भंगाराच्या दुकानात मुलगा हाताशी लागतो. ही कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे निघतील. 'आवड नाही' म्हटले की सगळी एका झटक्यात पुसली जातात. शिक्षकही मोकळे, शासनही मोकळे.

सच्चर समितीने 2006 साली सांगितले होते की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांतले चारातले एक मूल एक तर शाळेत गेलेच नव्हते किंवा शाळा सोडून बसले होते. मदरशात जाणारी मुले शेकडा तीन-चारच होती. म्हणजे मुले मदरशाने पळवली, ही नेहमीची तक्रारही टिकत नाही. मग उरलेली गेली कुठे?

काही पोटामागे गेली, हे खरे. पण काही भीतीने गेली आणि त्यांची मोजदाद कुठल्याच अहवालात नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडची माणसे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ते स्थलांतर डोळ्यांना दिसते, म्हणून मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे निघाली. ती सगळी नीट चालली असे आम्ही म्हणणार नाही, पण कारण दिसले म्हणून उपाय तरी सुचला. भीतीचे तसे नाही. उघड्या पुस्तकासमोर ज्याची जीभ टाळूला चिकटते, त्याच्या नावापुढेही 'गैरहजर' एवढेच लिहिले जाते.

या भीतीचे एक मूळ भाषेत आहे. आमच्या घरात बोलली जाते ती दखनी. ती पाठ्यपुस्तकातली उर्दू नव्हे आणि मराठी तर नव्हेच. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा सरकारी शाळेत उर्दू चालायची आणि मराठी घरातली पोरे तोंडात मूग गिळून बसायची. आज पाळी आमच्या पोरांची आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत "मेरेकू नै आता" म्हटले की हशा पिकतो. उर्दू शाळेतही काही सुटका नाही, तिथे उच्चारावरून कान उपटतात. दोन्हीकडे तोंड उघडणे धोक्याचे झाले की पोर आधी गप्प होते, मग पोटदुखीचे निमित्त काढते आणि शेवटी येईनासे होते. याला आळस म्हणायचे?

शिक्षकांवर बोजा आहे, हे आम्ही जाणतो. मतदार याद्या, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, त्यात एका मास्तरावर दोन-दोन वर्ग. पण "नवाबसाहेब" न म्हणायला कुठला शासननिर्णय लागतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. कलम 24 तर पालकांना भेटून मुलाच्या उपस्थितीबद्दल बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरवते. आम्ही फार मागत नाही. आलेल्या मुलाला आधी आत घ्या, बसवा, बुडालेला धडा शेजारच्याकडून समजून घेऊ द्या. पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचायला उभे करू नका. दखनीत उत्तर दिले तर ते उत्तर आहे, हे आधी कबूल करा. मराठी मागून येईल. आणि तिसऱ्या दिवशीही पोर दिसले नाही तर घरी जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवली होती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. त्यामानाने मोहल्ला शाळेपासून किती लांब आहे?

शासनाला पोरांपेक्षा पट प्यारा, हे ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत उघडे पडले. लाखो विद्यार्थी फक्त कागदावर निघाले. खोटी नावे सापडली, पण खऱ्या नावांची पोरे का येत नाहीत, हे कोणी विचारले नाही. 2022 साली केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. रक्कम लहानच होती, पण वह्या-दप्तर त्यात निघायचे.

आता थोडे घरचे. आमच्या जलशांत प्रत्येक भाषण 'इक्रा'ने सुरू होते आणि बिर्याणीवर संपते. नव्वद टक्केवाल्यांचे गुणगौरव होतात, शाली, सन्मानचिन्हे, फोटो. पहाटे मोंढ्यात हमाली करून दहा वाजता वर्गात बसणारा, अडतीस टक्क्यांनी पास झालेला पोरगा त्या मंचावर कधी दिसला? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या महिलांच्या आहेत, कायद्यानेच. आपल्यापैकी किती आया तिथे तोंड उघडून बोलतात? कित्येकींना तर आपले नाव समितीत आहे हेच ठाऊक नसते. सहीपुरता कागद घरी येतो.

पालकसभा दुपारी ठेवतात आणि "पालक येत नाहीत" म्हणून शेरा मारतात. दुपारी यायचे तर बापाची दिवसाची मजुरी जाते, आईची वेचणी बुडते. पुढच्या महिन्यापासून ही सभा मगरिबनंतर, मोहल्ल्यातल्या कुणाच्या तरी ओट्यावर ठेवा. चटया आम्ही टाकू. गुरुजींनी फक्त हजेरीपट घेऊन यावे आणि ज्या नावापुढे सर्वाधिक फुल्या आहेत, त्याच्या आईला सर्वांत आधी सांगावे की तिच्या पोराला काय चांगले येते.