खिडकीतला ऊस आणि भिंतीचा रंग

वालचंदनगरच्या आमच्या घरातली पश्चिमेची खोली रंगवायची आहे. आईला फिकट पिस्ता हवा, मला मोतिया. शेड कार्डावर दोन्ही सुरेख दिसतात आणि तिथेच फसगत होते. बोटभर चौकोनात सौम्य वाटणारा रंग चारी भिंतींवर चढला की गडद भासतो, कारण एका भिंतीवरचा उजेड दुसरीवर पडत राहतो.

म्हणून रंगाऱ्याला दोन्हींचे छोटे डबे आणायला सांगितले. खिडकीसमोर आणि खिडकीशेजारी दोन-दोन फुटांचे पट्टे, दोन-दोन हात. मग तीन दिवस नुसतं पाहत राहिलो. प्लास्टिक पेंट वाळल्यावर थोडा गडद होतो, तेव्हा पहिल्या तासाचं मत धरायचं नाही. चुन्याचं उलट. दिवाळीआधी बाबा जुन्या पिंपात चुनकळी भिजवत. ती खदखदायची, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ पडायची. लावताना भिंत करडी दिसे, वाळली की पांढरीशुभ्र. तो उजळपणा मला अजून कुठल्या डब्यात सापडलेला नाही.

खरी मेख खिडकीबाहेर होती. वालचंद हिराचंद शेठनी 1930च्या दशकात इथल्या माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभारली. आमच्या खिडकीसमोर आजही ऊसच आहे, पुरुषभर उंचीचा. दुपारी चारनंतरचं ऊन त्या पानांतून गाळून येतं, हिरवट होऊन. त्या उजेडात पिस्ता इतका हिरवा झाला की आईच म्हणाली, "दवाखान्यासारखं वाटतंय गं." मोतियाने तोच हिरवटपणा पोटात घेतला आणि भिंत उबदार राहिली. ऊसतोड झाली की समोर काळं रान उरेल, तेव्हा पिस्ताही शांत दिसेल. पण थोड्याच दिवसांत खोडवा फुटतो आणि खिडकी पुन्हा हिरवी होते.

मोतिया निर्दोष नाही. पांढऱ्या ट्यूबखाली तो मलूल पडतो, पिवळसर दिव्यात खुलतो. त्यामुळे रंगाबरोबर दिवाही बदलणार आहोत.

पश्चिमेच्या खोलीला मोतिया ठरला. पिस्ता आईच्या स्वयंपाकघराला. तिथे पूर्वेचं ऊन येतं आणि समोर शेजाऱ्यांची पांढरी भिंत आहे. तुमच्याकडे दिवाळीचा रंग निघाला असेल, तर डबे मागवण्याआधी एक पट्टा भिंतीवर मारा आणि खिडकीबाहेर काय उभं आहे ते नीट बघा.