विस्तवाशिवाय धूर निघतो!

रोज सकाळी मी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला कामाला जातो. घाटकोपर स्टेशनबाहेर २ डिसेंबर २००२ रोजी बेस्टच्या बसमध्ये बॉम्ब फुटला, दोन माणसं गेली. त्या गुन्ह्यात पकडलेल्यांपैकी एक होता परभणीचा ख्वाजा युनूस. वय २७, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, तो कोठडीतून पळाला. त्याच्यासोबत कोठडीत असलेल्या एका डॉक्टरने न्यायालयात सांगितलं, त्याला बेदम मारहाण होत होती, रक्ताची उलटी झाली होती. पुढे सीआयडीच्या चौकशीनंतर चार पोलिसांवर खटला दाखल झाला. घाटकोपर स्फोटाच्या खटल्यातले आरोपी २००५ मध्ये पोटा न्यायालयाने निर्दोष सोडले. युनूस मात्र परत आला नाही. त्याच्या आईने पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

मीही इंजिनीअर. माझंही नाव तसंच. त्यामुळे ही गोष्ट मी कधी ऑफिसात काढत नाही. आज त्या न बोलण्याबद्दलच लिहायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एक लॅपटॉप हरवला. संशय गेला हाउसकीपिंगच्या एका मुलावर. राहायला गोवंडीला, नाव आपल्यातलं. बाकी पुरावा काही नाही. नेटवर्कचे लॉग माझ्याकडे असतात. मी पाहिलं, त्या मुलाचं कार्ड संध्याकाळी ७.१० ला बाहेर पडलं होतं आणि लॅपटॉप रात्री ९.४० पर्यंत ऑफिसच्या वायफायवर होता. म्हणजे चोर तो नव्हताच. हे मला सोमवारी सकाळी कळलं. मी बोललो नाही. मनात एकच विचार, लोक म्हणतील, ‘आपल्या माणसाची बाजू घेतोय.’

बुधवारी टेस्टिंगमधल्या एका सहकारी बाईंनी मला थेट विचारलं, “तू लॉग पाहिलेस ना? मग?” त्या बोरिवलीच्या आयसी कॉलनीतल्या ख्रिस्ती. मी लॉग दिले, त्यांनी स्वतःच्या नावाने एचआरला मेल केला. लॅपटॉप एका टीम लीडच्या कपाटात सापडला. पण तोवर कंत्राटदाराने मुलाला कामावरून काढलं होतं. तो परत आला नाही. दोन दिवसांच्या माझ्या मौनाची किंमत त्याने भरली.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? त्यांनी योनाथानची गोष्ट सांगितली. शौल राजाला (आपण त्याला तालूत म्हणतो) वाटत होतं की दावीद, म्हणजे आपले हजरत दाऊद, त्याचं राज्य घेणार. दावीदने काही केलं नव्हतं. राजाला तसं तोंडावर सांगितलं ते राजाच्याच मुलाने. दावीद राजा झाला तर गादी जाणार होती योनाथानची, तरी तो बोलला. बापाने त्याच्यावर भाला फेकला. बायबलमधलं हे धैर्य मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की योनाथानचा त्यात फायदा शून्य होता, तोटा मात्र पुरा होता. त्याच ग्रंथात निकदेम आहे. सगळी सभा येशूला पकडायला टपलेली असताना त्याने एवढंच विचारलं की ऐकून न घेता दोषी ठरवणं कायद्यात बसतं का. उत्तरादाखल त्याला टोमणा मिळाला, तूही गालीलचाच का? ‘आपल्या माणसाची बाजू घेतोय’ हा टोमणा किती जुना आहे पाहा!

आता आपल्या घरात येऊ. सूरह निसाच्या तफसीरमध्ये एक प्रसंग येतो. मदिनेत एक चिलखत चोरीला गेलं. चोर मुसलमान कुटुंबातला, पण आळ घातला एका यहुदी माणसावर. कुळ एकवटलं, आपल्या माणसाची वकिली करू लागलं. आयती उतरल्या त्या यहुद्याला निर्दोष ठरवणाऱ्या आणि दगाबाजांची बाजू घेऊ नका असं बजावणाऱ्या. जमातीची इज्जत वाचवण्यापेक्षा परक्याचा निर्दोषपणा मोठा ठरला. जुम्म्याच्या खुतब्यात हा प्रसंग मी फार कमी ऐकला आहे.

११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली, खार, माहीम... १८९ माणसं गेली. मी तेव्हा अकरावीत होतो. तेरा जण पकडले गेले. २०१५ मध्ये विशेष मकोका न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक २०२१ मध्येच तुरुंगात कोरोनाने गेला होता. न्यायालयाने नोंदवलं की कबुलीजबाबांतले मजकूर जागोजागी तंतोतंत सारखे होते, ओळख परेड नियमात बसत नव्हती, साक्षीदारांना शंभराहून अधिक दिवसांनी चेहरे आठवले होते. आमच्या धंद्यात दोन माणसांचा कोड ओळीला ओळ सारखा निघाला तर पहिला प्रश्न येतो, कॉपी कोणी केली? इथे हा प्रश्न निकाली निघायला एकोणीस वर्षं लागली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

‘विस्तवाशिवाय धूर निघत नाही’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. मग विस्तव कुठे आहे? १८९ जणांच्या घरच्यांना आजही खरा गुन्हेगार माहीत नाही. भलत्याच माणसाला आत टाकणं म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मोकळं सोडणं. निर्दोषाची बाजू घेणारा बळींच्या विरोधात नसतो. बळींचा खटला खोटा पडू नये म्हणून झटणारा तोच असतो.

अ‍ॅड. शाहिद आझमी हे जाणत होते. तुरुंगात शिकून वकील झालेला हा माणूस २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारीच्या बाजूने उभा राहिला. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. तीन महिन्यांत फहीम अन्सारी त्या आरोपांतून सुटला, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. भाला योनाथानला लागला नव्हता. इथे गोळी लागली.

पण आपण शाहिद आझमींचे फोटो फॉरवर्ड करतो आणि स्वतःला शूर समजतो. २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी झाली होती. सर्वोच्च न्यायालयानेच आधी ती कायम केली आणि ५ मार्च २०१९ ला त्यांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं गेली. आपल्यापैकी किती जणांनी एक पोस्ट टाकली? मी नाही टाकली.

अजून कठीण परीक्षा. ३१ जुलै २०२५ ला मालेगाव २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. पुरावा पुरेसा नाही, नुसत्या संशयावर शिक्षा होत नाही, असं न्यायालय म्हणालं. दहा दिवसांपूर्वी पेढे वाटणारे आपले ग्रुप त्या दिवशी संतापले, आणि दहा दिवसांपूर्वी संतापलेले पेढे वाटू लागले. तपासावर प्रश्न जरूर विचारा, वरच्या कोर्टात जा, मालेगावच्या मृतांचा तो हक्क आहे. पण ‘पुराव्याशिवाय शिक्षा नाही’ हे तत्त्व २१ तारखेला आपलं आणि ३१ तारखेला परकं, असं चालणार नाही. माप एकच हवं. नाहीतर चिलखत चोराच्या कुळात आणि आपल्यात फरक काय?

करायचं काय? वकिलाला ‘असल्यांची केस का घेतोस’ विचारू नका. अशी वकीलपत्रं न घेण्याचे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. अटक झालेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जा, त्याच्या मुलांची फी थांबू देऊ नका, त्याच्या बहिणीचं लग्न मोडू नका. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना भरपाई देणारा कायदा सुचवला होता. असा स्वतंत्र कायदा अजून नाही. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याबद्दल विचारा. आणि तुमच्याकडे लॉग असेल, बिल असेल, त्या वेळी तो तुमच्याशेजारी बसला होता ही साधी आठवण असेल, तर ती सोमवारीच सांगा. बुधवारपर्यंत थांबू नका.

तो गोवंडीचा मुलगा मला नंतर कधी भेटला नाही. भेटला तर माफी मागेन. पण त्याची नोकरी गेली ती गेलीच.