सिस्टरपासून बाटली लपवू नका



एरवी या सदरात मी पिकावरच्या औषधांविषयी लिहितो. आज तेच औषध माणसाच्या अंगात गेल्यावर दवाखान्यात काय घडते, आणि तिथल्या सिस्टरशी आपण कसे वागतो, ते सांगायचे आहे.

एका कपाशीच्या हंगामात रात्री अकराच्या सुमारास मला ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. सिस्टर बोलत होत्या. "साहेब, डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय. तोंडाला फेस आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, कपड्यांना औषधाचा वास येतोय. घरचे म्हणतात, शिळं खाल्लं. तुमच्याकडं सध्या काय फवारताहेत?" रुग्णाचे नाव त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या आठवड्यात चालू असलेली औषधे मी सांगितली. तासाभराने धाकट्या भावाने तोंड उघडले. औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवले होते, मूळ डबा माळ्यावर होता. माणूस वाचला. पण तो तास फुकट गेला.

नाव इतके महत्त्वाचे का? ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकावर अॅट्रोपिनची इंजेक्शने देतात. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेले असेल, तर सढळ हाताने दिलेला ऑक्सिजनही फुप्फुसाला अपाय करतो. म्हणजे एकाचा उपचार दुसऱ्याला चालत नाही. डब्यावर औषधाचे नाव, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण आणि उतारा छापलेला असतो. म्हणून डबा, आतल्या पत्रकासकट, रुग्णाबरोबर न्यावा. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. अंगावरचे कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि १०८ ला फोन लावावा.

लपवण्यामागे भीती असते ती पोलिसांची. "सिस्टर, केस करू नका, पोट बिघडलं म्हणून लिहा," ही विनवणी प्रत्येक सिस्टरने ऐकलेली आहे. त्यांना ती मान्य करता येत नाही. विषबाधेची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून डॉक्टर करतात आणि पोलिसांना कळवतात. सिस्टर रुग्ण किती वाजता आला, कशा स्थितीत होता, कोणते औषध किती वाजता दिले हे लिहितात. डॉक्टर सांगतील तसे कपडे आणि पोटातून काढलेल्या पाण्याचा नमुना जपून ठेवतात. खोटे लिहिले तर नोकरी आणि परिचर्या परिषदेतली नोंदणी, दोन्हींवर गदा. मात्र पोलीस येईपर्यंत उपचार थांबत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे, की आधी जीव वाचवायचा, कागद मागून.

आता भीतीचे. फवारताना बाधा झाली असेल तर ही नोंद आपल्याच कामाची. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. कागदावर "शिळे अन्न" लिहून घेतले, तर मग कोणत्या तोंडाने अर्ज करणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने किती घरे बसली, ते आपण पाहिले आहे.

आणि कुणी जाणूनबुजून प्यायले असेल तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, असे ठरवले आहे. जुन्या दंड विधानातले ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेले नाही. जबाब होतो, तो झाला पाहिजे.

सून खाटेवर असते आणि सगळी उत्तरे सासूबाई देतात, हेही मी पाहिले आहे. सिस्टर म्हणतात, "जरा बाहेर थांबा, मला पेशंटशी बोलू द्या." राग मानू नका. रुग्णाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकणे हे त्यांचे काम आहे. ऐकलेले त्या डॉक्टरांना सांगतील, पारावर सांगणार नाहीत. गावची मंडळी चौकशीला आली की "घरच्यांना विचारा" एवढेच उत्तर मिळते, ते याचसाठी. मनावर ओझे असेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोलता येते, हेही घरात माहीत असू द्या.

सर्वांत जास्त भांडण होते ते दुसऱ्या रात्री. अॅट्रोपिनने माणूस कधीकधी बरळतो, सुया ओढतो, अंगावरची चादर फेकतो. पडू नये म्हणून हात बांधावे लागतात. नातेवाईक म्हणतात, "इंजेक्शनं बंद करा, वेडा केलात आमचा माणूस." डॉक्टरांच्या लेखी हुकुमाशिवाय सिस्टर एक थेंब कमी करू शकत नाहीत, वाढवूही शकत नाहीत. त्या बाहुल्या, नाडी, छाती पुन्हा पुन्हा तपासून लिहीत असतात, आणि त्या आकड्यांवर डॉक्टर मात्रा ठरवतात. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे. हात उगारला, तर महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्या रात्रीच्या सिस्टरनाही असेच बोलून घ्यावे लागले होते. घरी जाताना धाकटा भाऊ त्यांना म्हणाला, "ताई, चुकलं." त्या म्हणाल्या, "ते असू दे. माळ्यावरचा डबा आधी कुलपात टाका."