मालाच्या बोटीत होडीलाही जागा हवी

जुईनगरच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या या शहराच्या उंबरठ्यापर्यंत समुद्राचे पाणी येते. परंतु येथील बहुसंख्य नागरिकांचा त्या पाण्याशी संबंध वाशीच्या पुलावरून लोकलच्या खिडकीतून पाहण्यापुरताच उरला आहे. एखाद्या तरुणाने कयाक, म्हणजे दुपाती वल्ह्याने चालणारी अरुंद होडी, घेऊन जयगडच्या किंवा विजयदुर्गच्या खाडीत जायचे म्हटले, तर त्याने जावे कसे? सागरी कयाक सुमारे ५ मीटर लांबीची असते. ती लोकलमध्ये शिरत नाही, एस.टी.त मावत नाही. साहजिकच ज्याच्या दाराशी मोटार आहे, त्यालाच हा छंद परवडतो.

कोकणच्या किनाऱ्याला ही अडचण पूर्वी ठाऊक नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी चाकरमान्यांबरोबरच त्यांच्या ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि व्यापाऱ्यांचा माल वाहून नेत. अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू व सामान पडावातून किनाऱ्यास लागे. १९८० च्या दशकात ही परंपरा मावळली. माणूस रस्त्याने व पुढे रेल्वेने जाऊ लागला आणि बंदरे ओस पडली.

इतरत्र असे घडलेच पाहिजे, असा नियम नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, नूटका साउंडच्या दुर्गम पाण्यात, ‘उचक ३’ नावाच्या बोटीने लाकूडतोड्यांच्या तळांना माल पुरविता पुरविता कयाकवाल्यांचीही ने-आण केली. बोटीवरची यारी माल उतरविते, तीच कयाक अलगद पाण्यात सोडते. मालाने फेरीचा मुख्य खर्च भागावा आणि हौशी प्रवाशाने त्यात भर घालावी, असा हा साधा हिशेब आहे.

आपल्याकडे २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. जयगड आणि विजयदुर्गपर्यंतच्या सेवेची घोषणा २०२५ मध्ये झाली. या बोटी केवळ सुटीच्या दिवशी मोटारी वाहणाऱ्या तरंगत्या पुलाप्रमाणे चालणार असतील, तर किनाऱ्यावरच्या गावांच्या पदरी धुराखेरीज फारसे काही पडणार नाही. मासळी, आंबा, किराणा यांबरोबरच लहान होडीचाही माफक दर ठरविला, तर त्याच फेरीत सर्वांचे काम होईल.

मूठभर हौशी लोकांसाठी सरकारने खर्च का करावा, असा आक्षेप येईल. येथे वेगळी बोट मागितलेली नाही. चालत्या बोटीतील रिकामा कोपरा मागितला आहे. शिवाय खाडीची वाट दाखविणारा, भरती-ओहोटी सांगणारा माणूस स्थानिक कोळीवाड्यातलाच लागणार, म्हणजे चार पैसे तेथेच राहतील. मात्र जाळ्यांच्या आड न येणे आणि जीवरक्षक जाकीट घालणे ही बंधने हवीतच. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, हे या किनाऱ्याने विसरू नये. पावसाळ्यात असल्या सफरींना सक्त मनाई असावी.

समुद्र हा सार्वजनिक रस्ताच आहे. त्यावर मोटारवाल्याइतकाच वल्हेवाल्याचाही हक्क आहे. नव्या बोटींचे दरपत्रक ठरविणाऱ्यांनी त्यात होडीसाठी एक ओळ वाढवावी, एवढीच अपेक्षा.