पान्हा आणि पकड

मराठी साहित्यात आईला पान्हा फुटतो आणि बाळ तृप्त होते. या दोहोंमधल्या क्रियेची दखल क्वचितच घेतली जाते. आख्यायिकेतली हिरकणी रायगडाचा कडा उतरून तान्ह्यापाशी पोहोचते आणि कथा संपते. पण त्या तान्ह्याने अंगावर घेतलेच नसते तर? एस. टी. स्थानकांवरच्या 'हिरकणी कक्षां'नी आईला आडोसा दिला. हा प्रश्न मात्र उरलाच.

बारामती आणि इंदापूर हे दुधाचे तालुके. नवे वासरू लुचेना, तर गोठ्यातला जाणता माणूस आचळ त्याच्या तोंडात देतो, धीर धरतो. गाईच्या मायेवर कुणी शंका घेत नाही. बाळंतिणीला मात्र 'हिला दूधच नाही' हा निकाल ऐकावा लागतो आणि घरात बाटली येते. बाटलीच्या जाहिरातीला 1992च्या कायद्याने बंदी आहे. अशा निकालांना नाही.

वास्तविक, दुरावलेले बाळ पुन्हा अंगावर येऊ शकते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीदेखील, हाताने दूध काढावे, म्हणजे ते आटत नाही. तेच वाटी-चमच्याने पाजावे. बाळाला उघड्या छातीशी धरावे, भुकेने आकांत करण्याआधी पाजायला घ्यावे. तोंड मोठे उघडले की बोंडाभोवतीचा काळसर भागही आत जाऊ द्यावा. वजनावर डॉक्टरांचे लक्ष असावे.

स्तनपान ही दोघांनी मिळून शिकायची गोष्ट आहे, असे आम्ही मानतो. पान्ह्यावर आपण पुष्कळ लिहिले. पकडीवर लिहायचे राहिले आहे.