घर भाड्याने देताय? आडनाव नको, कागद बघा

मुलगा बंगळुरूला, मुलगी परदेशात आणि आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेला फ्लॅट कुलूपबंद. अशा वेळी घर भाड्याने द्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण भाडेकरू निवडताना आपण भलत्याच चौकशा करतो. आडनाव काय, मांसाहार करता का, एकटी मुलगी असेल तर रात्री किती वाजता येणार? आणि कुणी ‘ओळखीतला’ निघाला की एक ओळही न लिहिता किल्ली त्याच्या हातात ठेवतो. पुढे भाडं थकलं की संकोचामुळे बोलताही येत नाही. तेव्हा धोका आडनावात नसतो, तोंडी व्यवहारात असतो.

महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. उलट लिव्ह अँड लायसन्स करार नोंदलेला असेल आणि मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, दुप्पट दराने भरपाईही मागता येते. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. तिथल्या वकिलाला विचारूनच करार करा.

किल्ली देण्याआधी एवढं नक्की करा:

• ओळखपत्र आणि नोकरीचा पुरावा घ्या. आधीच्या घरमालकाला एक फोन करा.
• पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीलाही कळवा.
• वीजबिल, मेंटेनन्स कोण भरणार आणि डिपॉझिटमधून काय कापलं जाईल, हे करारात लिहा.
• मीटरचं रीडिंग, भिंती, नळ, पंखे यांचे फोटो दोघांकडेही ठेवा.
• भाडं बँक खात्यातच घ्या.
• मुदत संपण्याच्या दोन महिने आधीच पुढचं विचारा.

12 वर्षं राहिला की घर भाडेकरूचं होतं, अशी भीती अनेकांना वाटते. पण तुमच्या परवानगीने भाड्याने राहणारा केवळ वर्षं मोजून मालक होत नाही. मात्र वाद झाला म्हणून कुलूप बदलणं, पाणी किंवा वीज तोडणं असं काही करू नका. मग कायद्याच्या कचाट्यात तुम्हीच सापडाल.

कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. भाचा असो वा मित्राचा मुलगा, करार नोंदवा. घरही सुरक्षित राहील आणि नातंही.