झाकली मूठ कोणाच्या फायद्याची?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण लेकीबाळींच्या बाबतीत फार वापरतो. आमच्या मलकापुरातून, शाहूवाडी तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरून कितीतरी मुली एस.टी. पकडून कोल्हापूरला शिकायला जातात. त्यांतल्या एखादीला वर्गात, वसतिगृहात किंवा प्रयोगशाळेत कुणी छळले, तर ती आधी विद्यापीठाच्या कचेरीत जात नाही, आईपाशी बोलते. पहिली तक्रार दाखल होते ती स्वयंपाकघरात आणि बहुधा निकालात निघते तीही तिथेच. ‘सहाच महिने राहिलेत, काढ कसेतरी. पदवी पदरात पडू दे.’ हे बोल मायेचेच असतात; पण त्यांचा फायदा नेमका कोणाला होतो?

कायदा आता दुबळा राहिलेला नाही. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नियम घालून दिले. २०१३ मध्ये कायदा झाला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठे-महाविद्यालयांसाठी २०१५ चे स्वतंत्र विनियम केले. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्षपदी वरिष्ठ प्राध्यापिका, सोबत बाहेरची एक व्यक्ती आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थी-प्रतिनिधीही. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना मात्र समितीत जागा नाही.

माझी नोकरी बँकेत गेली, म्हणून या शेवटच्या तरतुदीचे मोल मला कळते. तिजोरीच्या किल्ल्या आम्ही कधी एका हाती ठेवत नसू आणि शाखेची तपासणी शाखाधिकाऱ्याने स्वतः करायची नसे. त्यात अविश्वास नव्हता. माणसाला मोहापासून दूर ठेवणे होते. संस्थेचे नाव राखण्याचा मोह पैशाच्या मोहाहून लहान नसतो.

पण या नियमांत एक मुदत आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. ‘सहाच महिने काढ’ या सल्ल्यात नेमकी हीच मुदत संपून जाते! अब्रूची भीती वाटते? तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्यातच आहे. मार्कांची चिंता आहे? चौकशी चालू असताना त्या प्राध्यापकाने तिचे पेपर तपासू नयेत, अशी शिफारस समिती करू शकते.

छळाला जातही असते. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा घरच्यांचा आरोप आहे. दोष कोणाचा, ते न्यायालयाने ठरवायचे. पण आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या आईचे म्हणणे आहे. घराने तोंड उघडले तरी संस्थेला कान हवेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. त्याने हयगय केली, तर तोही गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घेतले. दार उघडणे हे निम्मे काम झाले. आत गेलेल्याला मानाने बसता यावे, हे उरलेले निम्मे काम आपल्याकडे आहे.

प्रवेश घेताना आपण वसतिगृहातले पाणी आणि मेसचे जेवण यांची चौकशी करतो. त्याच वेळी तक्रार समितीच्या अध्यक्षांचे नावही विचारून घ्यावे. तक्रार द्यावी लागली तर ती लेखी द्यावी आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. मुलगी, किंवा मुलगाही, घरी येऊन बोलू लागला, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे, आणि तारीख तेवढी लिहून ठेवावी.